एमएलसी (पोलीस प्रकरणांतले वैद्यकीय अहवाल) लिहिलेल्या डॉक्टरांसाठी अमेरिकेतलं एक काम

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी एका वाचकांचं पत्र आलं होतं. अमेरिकेत आश्रय मागणारे बहुतेक सगळे बनावट कहाण्या सांगतात आणि तिथले काही डॉक्टर त्यांना छळ झाल्याचे दाखले वाटत बसतात, या लोकांना आपण का मदत करायची, असा त्याचा सूर होता. नागपूरहून माझ्या धाकट्या भावाने त्या पत्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, हे तुझ्यावर आहे.’ आहेच. ते दाखले लिहिणाऱ्यांपैकी मी एक. म्हणून हे उत्तर. निम्मं उत्तर आणि निम्मं आवतण, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुलं, सुना, जावई इकडे डॉक्टर आहेत आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांना हे काम ठाऊक आहे.

मी नागपूरच्या ‘मेडिकल’ची, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची. एमबीबीएस झाल्यावर बॉण्डची नोकरी मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केली, मग लग्न, मग इकडे रेसिडेन्सी. आता न्यू जर्सीत इंटरनिस्ट आहे. दिवसभर ब्लड प्रेशर, साखर, थायरॉइड आणि गुडघे. आश्रय मागणाऱ्यांच्या तपासण्या हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. मी त्याचे पैसे घेत नाही, आणि ज्यांच्यासोबत मी हे करते ते सहकारीही घेत नाहीत.

त्या वाचकांच्या डोळ्यांसमोर काय असेल याचा अंदाज येतो. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. हातापायांत बेड्या घालून आणलेल्या त्या माणसांच्या बातम्या वाचून माझ्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दोनच मतं फिरत होती, एक अपमानाचं आणि दुसरं ‘बरं झालं’चं. त्यातला कोण जीव वाचवायला निघाला होता आणि कोण शेत विकून एजंटला पैसे मोजून कमवायला आला होता, हे त्या विमानाकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही. ते ठरवण्यासाठीच अमेरिकेत १९८०चा कायदा आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटाचा भाग असणं, या पाच कारणांपैकी एखाद्या कारणासाठी छळ झाला असेल किंवा होण्याची रास्त भीती असेल, तरच आश्रय मिळतो. बेकारी, दुष्काळ, कर्जबाजारीपणा यांना त्यात जागा नाही. शाबीत करण्याचं ओझं अर्जदारावर. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. समोर सरकारचा वकील बसलेला असतो, आणि ह्याला वकील परवडला नाही तर हा एकटा. २०२५पासून नुसत्या अर्जालाच फी लागते.

आता पुरावा आणायचा कुठून? मारणारे पावती देत नाहीत. ज्या ठाण्यात कोंडलं तिथल्या रजिस्टरात नाव नसतं, दवाखान्यात नेलेलं नसतं, आणि नेलं असेल तर केसपेपरवर ‘पडून लागले’ असं लिहिलेलं असतं. बरेचदा पुरावा म्हणून उरतं ते त्या माणसाचं अंग आणि त्याचं मन. तिथे डॉक्टर लागतो.

आणि इथेच मला आपल्याकडच्या डॉक्टरांची आठवण होते. आम्हाला दुसऱ्या एमबीबीएसला न्यायवैद्यकशास्त्र होतं. खरचटणं, मुका मार, फाटलेली जखम, कापलेली जखम, भोसकलेली जखम, जखमेचा रंग कोणत्या दिवशी कसा बदलतो, हे पाठ करून तोंडी परीक्षेत ओकलेलं आहे. शिवाय कॅज्युअल्टीत आणि पीएचसीत ते वापरलेलं आहे. रात्री दोन वाजता हवालदार यादी घेऊन दारात उभा, सोबत डोकं फुटलेला एक आणि दंड सुजलेला दुसरा. जखम किती बाय किती, कुठल्या बाजूला, कशाने झाली असावी, किती तासांपूर्वीची, साधी की गंभीर. अमेरिकेत शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी यातलं काहीच केलेलं नसतं, कारण इथे न्यायवैद्यक हा सक्तीचा स्वतंत्र विषय सहसा नसतो. या कामाच्या पहिल्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा हार्वर्डचा शिक्का असलेला एक तरुण डॉक्टर ‘लॅसरेशन’ (फाटलेली जखम) आणि ‘इन्साइज्ड वूंड’ (कापलेली जखम) यांची गल्लत करत होता. मेडिकलच्या आमच्या सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

आपल्या एमएलसीचे दोषही मला माहीत आहेत. हवालदार शेजारी उभा असताना आरोपीला ‘काही तक्रार आहे का’ विचारायचं, तो ‘नाही’ म्हणतो, आपण ‘नाही’ लिहितो. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये सांगितलं की कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. ती तपासणी प्रत्यक्षात कशी उरकली जाते हे ज्यांनी केलंय त्यांना विचारावं. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. तेव्हा ‘आम्हाला सगळं येतं’ अशा थाटात मी बोलत नाही. हाताला वळण आहे, एवढंच म्हणते.

या कामाचं जे पायाभूत पुस्तक आहे त्याला इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात. त्याचा जन्म अमेरिकेत किंवा जिनिव्हात झालेला नाही. १९९३मध्ये तुर्कस्तानात बाकी एर्दोआन नावाचा एक माणूस पोलीस कोठडीत मेला. सरकारी अहवालाने मृत्यूचं खापर उपोषणावर फोडलं. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने तो अहवाल मान्य केला नाही, संशयास्पद मृत्यूंच्या तपासासाठी तेव्हा उपलब्ध असलेल्या मिनेसोटा प्रोटोकॉलच्या आधारे स्वतःचा अहवाल तयार केला आणि तो मृत्यू छळाने झाल्याचं मांडलं. मग प्रश्न आला की मेलेल्यांसाठी नियमावली आहे, जिवंत सुटलेल्यांसाठी काय? त्यातून बऱ्याच देशांतल्या डॉक्टर-वकिलांनी मिळून हे पुस्तक लिहिलं आणि १९९९मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दिलं. २०२२मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. ती फुकट उतरवून घेता येते. ज्याला हे काम करायचं असेल त्याने आधी ती वाचावी. सगळी नाही वाचली तरी शारीरिक आणि मानसिक पुराव्यांची प्रकरणं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यात डॉक्टरने मत द्यायच्या पाच पायऱ्या आहेत. सांगितलेल्या प्रकाराने ही खूण होऊच शकत नाही, ही सगळ्यांत खालची. मग, होऊ शकते पण इतर अनेक कारणांनीही होऊ शकते. मग, होऊ शकते आणि इतर कारणं थोडीच आहेत. त्यावर, अशा प्रकारात अशीच खूण सहसा दिसते. आणि सगळ्यांत वर, दुसऱ्या कशानेही ही होणं शक्य नाही. ही शेवटची पायरी क्वचितच वापरायला मिळते, आणि जो ती सारखी वापरतो त्याच्या प्रतिज्ञापत्राला कोर्टात किंमत राहत नाही. आपल्या पत्रलेखकांनी नेमकी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आम्ही ‘छळ झाला’ असा दाखला देतच नाही. हा माणूस जे सांगतो आणि याच्या अंगावर जे दिसतं त्यांचा मेळ किती बसतो, एवढंच आम्ही लिहितो. खरं-खोटं ठरवणं न्यायाधीशाचं काम.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कॅमेरूनच्या इंग्रजी बोलणाऱ्या भागातला एक शिक्षक. तिथे २०१६च्या शेवटी वकिलांनी आणि शिक्षकांनी संप केले, सरकारने ते मोडले, आणि पुढे त्याचं रूपांतर सशस्त्र लढ्यात झालं. हा मोर्चात होता. सैनिकांनी धरून नेलं, कोयत्याच्या सपाट पात्याने पाठीवर आणि तळपायांवर मारलं. त्याच्या पाठीवर चार लांबट फिकट पट्टे होते, दोन्ही कडांना गडद. तळपायांवर काहीच दिसत नव्हतं. तळपायाची कातडी जाड, ती काही महिन्यांत सगळं पुसून टाकते. पण टाचेखालची गादी दाबली की हाड लगेच बोटाला लागत होतं, आणि फार चाललं की पोटऱ्यांपर्यंत जळजळ होते असं तो सांगत होता. तळव्यावर मारल्यानंतर हे राहतं. हे मी लिहिलं.

त्याच्या पोटावर मात्र बेंबीच्या वर बारीक समांतर चिरांच्या दोन रांगा होत्या. वकिलाच्या कागदांत त्यांचा उल्लेख नव्हता. नवख्या डॉक्टरने त्याही छळाच्या यादीत घातल्या असत्या. मेळघाटात मी पोटफुगीसाठी डंबा दिलेली, तापल्या विळ्याने डागलेली तान्ही मुलं पाहिली आहेत, त्यामुळे पोटावरची खूण दिसली की माझा पहिला प्रश्न ‘लहानपणी आजारी होतास का?’ हाच असतो. तो हसला. आजीने वैदूकडे नेलं होतं, चिरे देऊन त्यात पाला भरला होता. मी लिहिलं की पोटावरच्या खुणांचा सांगितलेल्या प्रकाराशी संबंध नाही, अर्जदार स्वतःच त्या बालपणीच्या उपचाराच्या असल्याचं सांगतात. त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, हे गाळता नाही का येणार? नाही येणार. जो स्वतःच्या अंगावरच्या सहा खुणांपैकी चारच छळाच्या म्हणतो, त्याचं बोलणं न्यायाधीशाला जास्त वजनदार वाटतं. मला तरी वाटलं. दंडावरची बीसीजीची खूण, बाळंतपणाचे वळे, कांजिण्यांचे खड्डे, शेतातल्या विळ्याचे वार, फुटबॉल खेळताना फुटलेली नडगी हे सगळं लिहायचं असतं.

सिगारेटचा चटका ओळखणं मात्र वाटतं तेवढं सोपं नाही. पाच ते दहा मिलिमीटरचा गोल किंवा लंबगोल डाग, मधे फिका किंवा गडद, कडा काळपट आणि पुसट, असं वर्णन पुस्तकात आहे. पण डास चावून खाजवलेल्या जागाही सावळ्या कातडीवर वर्षभराने तशाच दिसू शकतात. गोऱ्या कातडीवर शिकलेल्या डॉक्टरांचे डोळे इथे फसतात. आपल्यासारख्यांनी जन्मभर सावळी कातडी पाहिलेली असते, त्याचा फायदा होतो.

आणि खुणा नसतील तर? पुष्कळदा नसतात. ओल्या फडक्याने, पाण्यात बुडवून, विजेचे झटके देऊन, उभं ठेवून, झोपू न देऊन छळणाऱ्यांना खूण राहू द्यायची नसते. प्रोटोकॉल स्पष्ट सांगतो की खुणा नाहीत म्हणून छळ झालाच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे मनाची तपासणी येते. अमेरिकेत ती फक्त मानसोपचारतज्ज्ञच करतात असं नाही. प्रशिक्षण घेतलेला फॅमिली फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, क्लिनिकल सोशल वर्करही करतो. माझ्या अनुभवात वकिलांना सर्वांत जास्त गरज याचीच असते, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. २००५च्या रिअल आयडी कायद्याने न्यायाधीशाला अशी मुभा दिली की अर्जदाराच्या सांगण्यातली कोणतीही विसंगती, मग ती मूळ मुद्द्याशी निगडित असो वा नसो, विश्वासार्हता ठरवताना धरता येते. पहिल्या मुलाखतीत मार्च म्हणाला, कोर्टात मे म्हणाला, संपलं. ज्याला महिनोन्‌महिने रात्री स्वप्नात तेच दिसतं, ज्याच्या डोक्यावर मार बसलेला आहे, त्याला तारखा सांगता येत नाहीत, पण खोलीच्या भिंतीचा रंग सांगता येतो. हे कशामुळे होतं ते डॉक्टरने लिहून दिलं नाही तर न्यायाधीशाला कळायचं कसं?

तसंच एका वर्षाच्या मुदतीचं. १९९६च्या कायद्यानुसार अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. असाधारण परिस्थिती असेल तर सवलत मिळते, आणि गंभीर आजार, मानसिक आजारसुद्धा, त्यात बसू शकतो. मध्य अमेरिकेतून आलेल्या एका बाईने घराबाहेर पडायला, अनोळखी पुरुषाशी बोलायला, कागदावर सही करायलाच वर्षापेक्षा जास्त काळ घेतला. तिच्या प्रकरणात माझं निम्मं प्रतिज्ञापत्र त्या वर्षाविषयीच होतं.

खोटं बोलणारे येत नाहीत का? येतात. लक्षणांची यादी पाठ करून येतात, आणि ती सगळीच्या सगळी, एकही न वगळता सांगतात. खरा माणूस बहुधा उलट करतो. लाज वाटणारं झाकतो, विशेषतः पुरुष, विशेषतः लैंगिक अत्याचार. जिथे मेळ बसत नाही तिथे मी तसं वकिलाला सांगते, आणि तो कागद कोर्टात न देण्याचा अधिकार त्याला असतो. म्हणूनच पुढच्या आकड्यांकडे थोडं जपून बघायला हवं. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स या संस्थेमार्फत तपासल्या गेलेल्या प्रकरणांचा २००८मध्ये छापलेला अभ्यास सांगतो की त्यांच्यातल्या ८९ टक्क्यांना आश्रय मिळाला, तेव्हा देशभराचं प्रमाण ३७.५ टक्के होतं. २०२१च्या अभ्यासात ८१.६ टक्क्यांना आश्रय किंवा तिथे राहण्याची दुसरी एखादी सवलत मिळाली, आणि देशभराचं आश्रयाचं प्रमाण ४२.४ टक्के होतं. फरक मोठा आहे, पण सगळा डॉक्टरांचा नव्हे. ज्याला डॉक्टर मिळाला त्याला आधी चांगला वकील मिळालेला होता, आणि वकिलाने भक्कम केसच पुढे पाठवलेली होती. तरीही माझ्या ओळखीच्या वकिलांपैकी एकानेही ‘डॉक्टर नसला तरी चालेल’ असं कधी म्हटलेलं नाही.

सुरुवात कशी करायची? अमेरिकेत त्या-त्या राज्याचा परवाना हवा. न्यायवैद्यकातली वेगळी पदवी लागत नाही. रेसिडेंटही वरिष्ठांच्या देखरेखीखाली करू शकतात. वर सांगितलेली संस्था प्रशिक्षण देते, आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी चालवलेले आश्रय-तपासणी दवाखाने आहेत. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१०ला असा पहिला दवाखाना सुरू झाला. तिथे विद्यार्थी शेजारी बसून टिपणं घेतात, मसुदा करतात, आणि डॉक्टरला अर्धं काम हलकं होतं. ब्रिटनमध्ये असलेल्यांसाठी लंडनची फ्रीडम फ्रॉम टॉर्चर ही संस्था १९८५पासून याच कामात आहे.

केस घेतली की आधी वकिलाशी बोला. त्यांना नेमकं काय हवंय ते विचारा: खुणांबद्दल मत, आठवणीतल्या गोंधळाचं स्पष्टीकरण, मुदत हुकण्याचं कारण, की परत पाठवलं तर प्रकृतीवर काय होईल हे? अर्जदाराचं लेखी निवेदन आधी वाचा. मग तपासणीला किमान तीन तास मोकळे ठेवा. पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटची सवय लागलेल्यांना हेच सगळ्यांत अवघड जातं.

पांढरा कोट घालू नका. खोलीचं दार त्याला दिसेल आणि दारापर्यंतची वाट मोकळी राहील असं बसवा. पाणी द्या, जेवलास का विचारा. ‘कधीही थांबायला सांगू शकतोस’ हे आधी सांगा आणि खरोखर थांबा. वीज लावून छळलेल्या माणसाला ईसीजीच्या चकत्या न सांगता चिकटवू नका. दुभाषा नातेवाईक नको, पोर तर मुळीच नको. कागदावर शरीराच्या आकृत्या घ्या, प्रत्येक खूण फुटपट्टी शेजारी धरून फोटोत घ्या. आणि तुम्ही त्याचे उपचार करणारे डॉक्टर नाही हे पहिल्या पाच मिनिटांत समजावून सांगा. गोळ्या लिहून द्यायचा मोह आवरा, पण जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार दिसला तर सगळं बाजूला ठेवून त्याला मदत मिळवून द्या. न्यूयॉर्कला बेलव्ह्यू रुग्णालयात छळातून वाचलेल्यांसाठीचा कार्यक्रम १९९५पासून आहे. आपल्या गावाजवळ असं काय आहे ते आधीच शोधून ठेवावं.

स्थानबद्धांची, म्हणजे निकाल लागेपर्यंत कोंडून ठेवलेल्या अर्जदारांची, तपासणी वेगळी. आमच्याकडे एलिझाबेथ गावात एकेकाळच्या गोदामात असं केंद्र आहे. अशा ठिकाणी जायचं तर परवानगीचे कागद, वकिलाचं पत्र आणि पुष्कळ धीर लागतो. करोनापासून बऱ्याच मानसिक तपासण्या फोनवर किंवा व्हिडिओवर होतात. खुणांसाठी तो मार्ग तोकडा पडतो.

लिहिताना हात आखडता घ्या. सगळी कहाणी तारखांसकट परत लिहून काढली तर तिच्यात आणि मूळ अर्जात कुठेतरी फट पडते, आणि सरकारी वकील त्याच फटीत बोट घालतो. जे वैद्यकीय मताला लागतं तेवढंच घ्या. ‘ते सांगतात की’ आणि ‘मला दिसलं की’ यांची वाक्यं वेगळी ठेवा. विशेषणं काढा. साक्षीला बोलावणं आलंच तर आता ते बरेचदा व्हिडिओवर असतं. अचलपूरच्या कोर्टात बचावाच्या वकिलाने ‘डॉक्टर, ही जखम पडूनही होऊ शकते, बरोबर?’ असं ज्यांना विचारलंय त्यांना इथल्या उलटतपासणीत नवं काही भेटणार नाही. उत्तरही तेच: हो, होऊ शकते, आणि म्हणूनच मी तसं लिहिलं आहे.

एक गोष्ट फक्त आपल्या लोकांसाठी. आपल्याला हिंदी येतं म्हणून पंजाब, नेपाळ, बांगलादेशच्या केसेस आपल्याकडे येतात. येऊ द्या, पण भाषा कळते म्हणजे समोरचा मोकळं बोलेल असं धरून चालू नका. भारतातून आलेला शीख, मुसलमान किंवा दलित अर्जदार माझं आडनाव ऐकतो तेव्हा मनात माझी जात, धर्म, पक्ष लावून मोकळा होतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही, आपण सगळे तेच करतो. मी पहिल्यांदा सांगते की मी वकिलातीची माणूस नाही, भारत सरकारची नाही, अमेरिकन सरकारचीही नाही, आणि इथे बोललेलं माझ्या गावात, माझ्या मंडळात, कुठेही जाणार नाही. तरी एका मुलाने दुसरा डॉक्टर मागितला. दिला. आपल्याच देशातल्या छळाची हकिकत ऐकताना आतून एक ‘असं नसेल हो’ उठतं. ते ज्याला बाजूला ठेवता येत नसेल त्याने भारतीय केसेस घेऊ नयेत, इतर देशांच्या पुष्कळ आहेत.

राहता राहिला ‘या लोकांना आपण का मदत करायची’ हा पत्रलेखकांचा प्रश्न. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, तरी शरणार्थी म्हणजे काय हे विदर्भाला अमेरिकेतून कुणी सांगायला नको. नागपूरचं जरीपटका फाळणीतून आलेल्या सिंध्यांनी वसवलं. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्यांची गावं आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, आणि हिवाळ्यात नागपुरात तिबेट्यांकडून स्वेटर घेतलं नाही असं घर कमी असेल. त्यांच्याकडे कुणी जखमांचे दाखले मागितले नव्हते. इथे मागतात, आणि ते लिहायला माणसं कमी पडतात.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. एच-वन-बी किंवा जे-वन व्हिसावर असलेल्यांनी नोकरीबाहेरचं विनामूल्य काम घेण्याआधी स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला आणि रुग्णालयाला विचारावं. सध्या नियम वरचेवर बदलताहेत, आणि दुसऱ्याचा अर्ज सांभाळताना आपला कागद अडकायला नको. मालप्रॅक्टिसचा विमा या कामाला लागू होतो का तेही लेखी विचारून घ्यावं. पहिल्या केसला सोबत अनुभवी डॉक्टर मागावा, संस्था तो देतात. न्यू जर्सी-न्यूयॉर्क भागातल्या कुणा मराठी डॉक्टरला पहिल्यांदा माझ्या शेजारी बसून बघायचं असेल, तर आपल्या कार्यालयाकडे लिहावं. अर्जदाराची आणि वकिलाची संमती घेऊन मी बसवीन. फक्त फोन बंद ठेवून यावं आणि संध्याकाळी दुसरा कार्यक्रम ठेवू नये.

कळावे,

आपली,
एक वाचक डॉक्टर
एडिसन, न्यू जर्सी
(पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही.)